मरीन बायोलॉजीचा नफातोटा

४ मे, रविवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी कोरीच पडली होती, वाया कशाला घालवायची. हे फक्त माझ्यासाठी. अकाउंट्समध्ये एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाने विचारही तारीखवार लिहावेत.

विषय: श्रुती. बीएस्सी झूऑलॉजीची शेवटची परीक्षा संपली. काल जेवताना म्हणाली, कोचीला मरीन बायोलॉजीत एमएस्सी करायचंय, प्रवेश परीक्षेचा निकाल लागलाय, पहिल्या यादीत नाव आहे. दोन वर्षांचा खर्च हॉस्टेलसकट पाच लाख ऐंशी हजार. एज्युकेशन लोन काढू म्हणाली. वडील म्हणून मी सहकर्जदार. सीट पक्की करायची मुदत १५ जुलै.

सुमेधा म्हणाली, अहो, उद्याच बँकेत जाऊन विचारून या. सुमेधाचं सगळं घाईचं. मी शांतपणे सांगितलं, आधी अभ्यास, मग सही. या शिक्षणाने पगार किती मिळतो आणि कर्ज किती वर्षांत फिटतं, हे कागदावर आल्याशिवाय मी पेनाचं टोपण काढणार नाही.

श्रुती बरं म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. समजूतदार आहे.

५ मे, सोमवार

महापे. ऑफिसात एक्सेल शीट उघडली. फाईलचं नाव 'जीएसटी मे', म्हणजे केबिनमधून कोणी डोकावलं तरी हरकत नाही. अकरा कॉलम. फी, हॉस्टेल, व्याज, हप्ता, पहिला पगार, पाच वर्षांनंतरचा पगार वगैरे. शेवटचा कॉलम 'मानसिक समाधान', त्याला पाच टक्के वजन. सुमेधा उगाच म्हणते मी रुक्ष आहे.

काम तटस्थपणे करायचं ठरवलंय. मुलगी आपली आहे हे विसरायचं. दुपारी दोनपर्यंत विसरलो होतो.

९ मे, शुक्रवार

इंटरनेटवर पगार शोधले. एका साईटवर सुरुवातीला महिना अठरा हजार, दुसरीवर सव्वा लाख. सरासरी काढली, ७१,५०० आली. खूष झालो. मग लक्षात आलं की ७१,५०० मलाही मिळत नाहीत. आकडा लाल करून ठेवला. वेबसाईटवर विसंबून चालणार नाही, प्रत्यक्ष माणसांना भेटायला हवं. निदान तीस जणांना. तिसाखाली सर्व्हे म्हणजे गप्पा.

११ मे, रविवार

पद्धत बरोबर आहे का हे बघायला आधी स्वतःवर लावून पाहिली. बीकॉम, सातारा. तीन वर्षांची फी मिळून एकोणीसशे रुपये. आजवरचा एकूण पगार भागिले एकोणीसशे. टक्केवारी चौकटीत मावेना, कॉलम रुंद करावा लागला. या हिशेबाने माझ्याइतकं फायद्याचं शिक्षण आमच्या सोसायटीत कोणाचं नसेल.

सुमेधाला दाखवलं. तिने विचारलं, तुम्हाला व्हायचं होतं का बीकॉम? आठवून पाहिलं. वडील फॉर्म घेऊन आले होते, एवढं आठवतं. पुढचं काही आठवलं नाही. दुपारी झोपलो.

१६ मे, शुक्रवार

सर्व्हे, नमुना क्रमांक १. केयूर, आमच्या डिस्पॅचवाल्या ज्योतिबांचा मुलगा. एमएस्सी बायोटेक. आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये मेडिकल कोडिंगला आहे, म्हणजे अमेरिकेतल्या पेशंटांच्या आजारांना नंबर देतो. पगार २३,५००. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ९,२००. लंच टाइममध्ये खाली बोलावून घेतलं. बायोटेकचा काही उपयोग होतो का विचारलं. म्हणाला, काका, आजारांची स्पेलिंगं चुकत नाहीत. समाधानी आहेस का विचारल्यावर म्हणाला, एसी चांगला आहे.

समाधानाला दहापैकी सहा दिले. मग चार केले. एकोणतीस माणसं बाकी.

२३ मे, शुक्रवार

नमुना मिळाला नाही. ऑफिसात ऑडिट.

घरी सहकारी बँकेचं एक पाकीट आलंय. सभेची नोटीस असणार. टीव्हीखालच्या खणात ठेवलं, तिथे आधीची आहेतच.

२५ मे, रविवार. संध्याकाळ

नमुना २. आमच्या बिल्डिंगखालचे चार गाळे धर्मराजचे आहेत. मागच्या गावातला, इथला मूळचा माणूस. त्याच्या वडिलांची शेती होती तिथे आता आमचं पार्किंग आहे. त्याचा तेजस बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला नापास होऊन उरणला कंटेनर यार्डात लागला. आज सुपरवायझर, ओव्हरटाइम धरून अडतीस हजार. शीटमध्ये भरलं. नापास झाल्याने वाचलेली तिसऱ्या वर्षाची फी जमेला धरावी का, यावर बराच विचार केला.

धर्मराजला सगळा हिशेब समजावून सांगितला. त्याने लक्ष देऊन ऐकलं, चहा मागवला. मग म्हणाला, साहेब, तुमचं गनित बरोबर हाय, पन पोरीला इचारलं का तुमी? मी म्हणालो, तिच्यासाठीच तर चाललंय. तो म्हणाला, त्येच तर. चहा चांगला होता.

१ जून, रविवार

आज फील्ड व्हिजिट. श्रुती गेलं वर्षभर दर रविवारी मोऱ्याला, उरणजवळच्या बंदरावर, जाते, हे मला ढोबळ माहीत होतं. तिच्या सरांचा काहीतरी प्रोजेक्ट आहे. धक्क्यावर उतरलेले मासे मोजायचे, लांबी लिहायची. पैसे मिळत नाहीत, फक्त गाडीभाडं. आजपासून पावसाळ्याची मासेमारी बंद, रात्री परतलेल्या बोटींची आज शेवटची मोजणी. म्हटलं, जाऊन बघू. उरणपर्यंत बस, पुढे रिक्षा. रस्त्यात ती खिडकीबाहेर बघत होती. मीही.

धक्क्यावर मात्र वेगळीच. ओढणी कमरेला खोचून टोपल्यांमध्ये बसली. पट्टी लावून मासा मोजायची, वहीत लिहायची, हसायची. गोजरा म्हणून एक कोळीण तिच्याशी भांडत होती, पण भांडण प्रेमातलं वाटलं. मला म्हणाली, तुजी पोर मला शिकवते, बारकी मासली धरू नका म्हनून. मी कंदी ऐकते? पन नावं समदी येतात तिला. आमच्या सुनंला येत नाय. पाठव तिला शिकाला. मी वही काढून गोजराबाईंना त्यांचं महिन्याचं उत्पन्न विचारलं. त्यांनी मला माझं विचारलं. मी वही मिटली.

श्रुतीने एक छोटा मासा हातावर घेऊन दाखवला. पोटावर रांगेने ठिपके होते, खोल पाण्यात ते चमकतात म्हणाली, प्रत्येक जातीची रांग वेगळी असते. मी विचारलं, याला भाव काय मिळतो? तिने सांगितलं, काही नाही, कोणी खात नाही. आणि मासा खाली ठेवला.

परतताना वाटलं की मी वेगळं काहीतरी विचारायला हवं होतं. काय ते कळलं नाही. गोजराबाईंना नमुना ३ धरावं की नाही?

९ जून, सोमवार

श्रुतीने विचारलं, बाबा, कुठवर आलं? तिला शीट दाखवली, रंग वगैरे करून. तिने 'मानसिक समाधान'वर बोट ठेवून विचारलं, हे पाच टक्क्यांचं दोन कसं झालं? मी म्हणालो, महागाई. पोर हसेल वाटलं होतं.

सुमेधा पुन्हा म्हणाली, आधी बँकेत तर जाऊन या, लोन मिळतं की नाही ते तरी कळू दे. तिला समजावलं की लोन मिळण्याचा प्रश्नच नाही. मी एकोणतीस वर्षं एकाच कंपनीत आहे, घराचा हप्ता एकदाही चुकलेला नाही, बँकेने माझ्या मागे लागायला पाहिजे. प्रश्न आहे तो मरीन बायोलॉजी भरवशाची आहे का, हा.

सहकारी बँकेचं आणखी एक पाकीट आलं. यावर लाल शिक्का आहे. या बँका स्टेशनरीवर फार खर्च करतात. खणात.

२० जून, शुक्रवार

नमुने एकूण पाच. तिसाचा आग्रह सोडला, दर्जा महत्त्वाचा. फाईलचं आताचं नाव 'श्रुती फायनल ३'.

२९ जून, रविवार

अभ्यास पूर्ण. सहा लाख कर्ज, साडेदहा टक्के, सात वर्षं: महिना १०,११६. पगार सव्वीस हजार धरला, तिचा राहण्या-जेवण्याचा खर्च वजा केला, जोर लावून लवकर फेडलं तर साडेपाच वर्षं. आकडा वाईट नाही. फार बराही नाही. अशा वेळी माणसाची परीक्षा होते.

संध्याकाळी दोघींना हॉलमध्ये बसवून निर्णय वाचून दाखवला: सशर्त मान्यता. अट एक, रोज फोन. अट दोन, दर सेमिस्टरला मार्कांची प्रत मला मेल करायची. अट तीन, खोल पाण्यात जायचं नाही. श्रुतीने तिन्ही मान्य केल्या. तिसरी पुन्हा वाचायला लावली. मग उठून माझ्या पाया पडली. हे ती दिवाळीलाही सांगितल्याशिवाय करत नाही.

छातीत काहीतरी झालं. ॲसिडिटी असेल. गोळी घेतली.

आता फक्त बँकेची औपचारिकता.

७ जुलै, सोमवार

सुमेधा विचारते, कधी जाणार? तिमाहीचं क्लोजिंग आहे. शनिवारी निवांत जाऊ, गर्दी नसते.

१२ जुलै, शनिवार. सकाळी १०.४०

इस्त्रीचा शर्ट. शीटची रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग करून. श्रुती आणि मी बँकेच्या वाशीच्या शाखेत पोहोचलो. शटर खाली. आज दुसरा शनिवार.

श्रुती म्हणाली, बाबा, तुम्ही अकाउंट्समध्ये आहात ना? रागाने नाही, नुसतंच विचारलं.

अजून सोमवार आहे, मंगळवार आहे. दोन दिवस खूप झाले.

१४ जुलै, सोमवार. सकाळी ९.३०

हाफ डे टाकलाय. श्रुतीने सगळी कागदपत्रं क्रमाने लावलीत. आज काम होणार. अधिकाऱ्यांवर शीटची छाप पडेल असा अंदाज आहे. अशी तयारी करून येणारे पालक त्यांनी फारसे पाहिले नसणार.

१४ जुलै. दुपारी ३.००

क्रमाने लिहितो.

अधिकारी बाई तरुण होत्या, टेबलावर गीतांजली अशी पाटी. मी स्पायरल पुढे सरकवलं. त्यांनी ते बाजूला ठेवून त्यावर पाण्याची बाटली ठेवली. श्रुतीचे मार्क बघितले, व्हेरी गुड म्हणाल्या. प्रवेशाचं पत्र बघितलं, म्हणाल्या, कोर्स आमच्या यादीत आहे, साडेसात लाखांपर्यंत काही तारण लागत नाही, काही प्रॉब्लेम नाही. मी विचारलं, या शाखेत नोकरीचा धोका वगैरे तुम्ही बघत नाही का? त्या म्हणाल्या, ते मुलगी बघेल ना सर.

मग माझा पॅन नंबर टाकला. बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. विचारलं, सर, तुम्ही कोणाला जामीन आहात का?

आहे. अभिराम. सात वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावर होता. बायकोच्या ऑपरेशनला सहकारी बँकेतून कर्ज हवं होतं, दोन जामीन लागत होते. आमच्या ऑफिसात सगळेच एकमेकांना जामीन राहतात. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी डबा एकत्र कसा खायचा. चहा यायच्या आत सही केली होती. काही वाचलं नव्हतं. तो नंतर नोकरी सोडून गेला. कुठे ते माहीत नाही.

दीड वर्ष हप्ता नाही. बाकी १,८६,०००. माझा सिबिल स्कोअर ५८४. गीतांजली मॅडम म्हणाल्या, या स्कोअरवर तुम्हाला सहकर्जदार घेता येत नाही. मुलीचं सगळं क्लिअर आहे. अडचण तुमची आहे.

सुमेधाचं विचारलं. ती घरी शिकवण्या घेते, पगाराची स्लिप नाही, रिटर्न नाही. तेही झालं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, दोन महिने आधी आला असतात तर सहकारी बँकेशी तडजोड करून पत्र आणता आलं असतं, एवढ्या वेळात होतं ते. तुम्हाला नोटिसा आल्या असतील ना? मी आठवल्यासारखं केलं.

बाहेर श्रुतीने विचारलं, बाबा, उसाचा रस घेणार? घेतला. तिने पैसे दिले. तिच्याकडे बघायची लाज वाटली, म्हणून रसाच्या चरकाकडे बघत उभा राहिलो. एवढी लाज मला कधी वाटल्याचं आठवत नाही.

१५ जुलै, मंगळवार

खणातली पाकिटं फोडली. सहा. पहिलं फेब्रुवारीतलं. एकही सभेचं नाही.

श्रुतीने विद्यापीठाला मुदतवाढीचा मेल केला. मी मजकूर तपासून एक स्वल्पविराम घातला.

१७ जुलै, गुरुवार

उत्तर आलं. सभ्य भाषेत. सीट प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येईल.

सुमेधाने भाजी केली, पोळ्या केल्या. तिघं जेवलो. भाजीत मीठ नव्हतं. कोणी मागितलं नाही.

१९ जुलै, शनिवार

खाली धर्मराज भेटला. त्याला कळलंय. माझ्याकडं का नाय आलाव, म्हणाला, मी भरले असते की फीचे पैशे. सुमेधा पण तेच म्हणाली होती, जूनमध्ये. मी तेव्हा म्हटलं होतं की व्यवहारात भावना आणू नये. तेजस बरा आहे ना, विचारून वर आलो.

२८ जुलै, सोमवार

सहकारी बँकेत जाऊन आलो. हप्ते बांधून दिले, महिना ४,५००, चार वर्षं. घराचा हप्ता, सोसायटी, सुमेधाच्या आईची औषधं, हे सगळं जाऊन माझ्याकडे साडेतीन हजार उरतात. कुठून तरी निघतील. अभिरामचा फोन बंद आहे. मी दिवसातून एकदा लावून बघतो. राग यावा म्हणून लावतो, पण येत नाही. त्याची बायको बरी आहे की नाही, हेही मला माहीत नाही.

या सगळ्याला एक चांगली बाजूही आहे. वर्षभरात स्कोअर सुधारेल, मग पुढच्या जुलैत श्रुती नक्की. योजना लिहून काढली आणि तिला दाखवली. ती म्हणाली, बघू. मग म्हणाली, केयूरच्या ऑफिसात जागा निघाल्यात, मी अर्ज केलाय.

४ ऑगस्ट, सोमवार

श्रुती रुजू. ट्रेनी, १६,५००. आम्ही घणसोलीहून एकाच बसने महापेला गेलो. छान सोबत झाली. मी तिला खिडकी दिली. तिने कानात इयरफोन घातले.

संध्याकाळी विचारलं, दिवस कसा गेला? म्हणाली, हाडांचं चॅप्टर चालू आहे. मासे मोजण्याची वही टेबलावरून दिसेनाशी झालीय. आधी वाटलं सुमेधाने आवरलं असेल. विचारलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

मासेमारी पुन्हा सुरू झाली. श्रुतीला म्हटलं, चल, मोऱ्याला जाऊन येऊ, गोजराबाईंना भेटू, मोजणी राहिली असेल. मी स्वतःहून म्हटलं, याची नोंद असावी. ती म्हणाली, नको बाबा, रविवारी झोपते जरा. दुपारी एकपर्यंत झोपली. मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसलो होतो. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पेपरात काय होतं ते सांगता येणार नाही.

१ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.१५

श्रुतीचा पहिला पगार. पेढे मी आणले, अर्धा किलो.

सुमेधाने स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, सहकारी बँकेचा हप्ता श्रुतीने भरला, आजपासून तीच भरणार आहे, तुम्ही तिला काही विचारू नका. मी म्हणालो, अजिबात चालणार नाही, मी बाप आहे, तिच्या पैशाला हात लावणार नाही. सुमेधा म्हणाली, मग तुम्ही कुठून भरणार? मी विचार करायला मुदत मागितली. ती ओट्याकडे वळली.

बाहेर आलो तर श्रुती पेढा खात मोबाईल बघत होती. तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला. बाबा, हात चिकट आहे, म्हणाली.

मग शीट उघडली, सवयीने. एक नवीन ओळ घातली. शिक्षण: बीएस्सी झूऑलॉजी. पगार: १६,५००. हप्ता: ४,५००. फेड: चार वर्षं. एमएस्सीची साडेपाच आली होती, म्हणजे या हिशेबाने आम्ही दीड वर्ष फायद्यात आहोत. पुन्हा तपासलं, बेरीज बरोबर आहे. कर्ज कोणाचं, असा कॉलम मी ठेवलेला नाही. फाईल सेव्ह केली आणि जेवायला बसलो.